‘इतकं करून मिळालं काय?’

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि दिवाळीचा फराळ संपून लोकांनी रक्त तपासून घेतलं की, समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन माणसं येतात. ‘मॅडम, आम्ही सगळं केलं. क्लास लावले, पथ्य पाळलं, पहाटे उठलो. इतकं करून मिळालं काय?’ प्रश्न रास्त आहे. ‘फळाची अपेक्षा ठेवू नका’ असं त्यावर सांगून टाकता येतं. पण ज्याची साखर वाढली आहे किंवा ज्याच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश दोन टक्क्यांनी हुकला आहे, त्याला असं सांगणाऱ्याचा रागच येतो. यायलाही हवा.

मेधाताईंना तो आधीच आलेला होता. खुर्चीत बसतानाच त्या म्हणाल्या, “कर्मण्येवाधिकारस्ते सांगणार असाल तर आत्ताच सांगा. माझे सासरे रोज सांगतात, त्यासाठी फी भरायची गरज नाही.”

मी म्हटलं, “नाही सांगणार. फाइल दाखवा.”

(मेधाताई हे त्यांचं खरं नाव नाही. नोकरीचे आणि घरचे तपशीलही बदलले आहेत. पुढे कांद्याचा उल्लेख येईल, तो मात्र खरा आहे. तो बदलू नका असं त्यांनीच सांगितलं.)

वय सेहेचाळीस, नाशिक जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी. सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह. मुलगा, त्याला आपण ओजस म्हणू, दहावीत. शिवाय मेधाताई कथा लिहितात. फाइलला तीन कप्पे होते. एकात लॅबचे रिपोर्ट, एकात ओजसच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि तिसऱ्यात एक यादी: कोणत्या दिवाळी अंकाला कोणती कथा पाठवली, काय उत्तर आलं. बहुतेक ठिकाणी ‘उत्तर नाही’. दोन ठिकाणी ‘साभार परत’. पूर्वी कथा निदान पाकिटातून परत यायच्या, आता मेल नुसताच जातो आणि तिकडे काय होतं ते कळत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

“तिन्हीकडे नापास,” त्या म्हणाल्या. “आणि मी आळशी नाही हो.”

आळशी त्या नव्हत्याच. त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. मग हे सगळे कष्ट नेमके कशावर खर्च होत होते, हे मला समजून घ्यायचं होतं. मी मधुमेहापासून सुरुवात केली, कारण मुलाविषयी आणि लिखाणाविषयी बोलताना माणूस स्वतःला बरंच सजवून सांगतो. जेवणाविषयी बोलताना तेवढं सजवत नाही.

“रिपोर्टच्या आधीचा आठवडा कसा असतो?”

“कडक. भात बंद, बटाटा बंद, चहात साखर नाही. रात्री नुसतं ताक.”

“आणि रिपोर्ट आल्यावर?”

“चांगला आला तर आइस्क्रीम. वाईट आला तरी आइस्क्रीम.” असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

त्यांचा शेवटचा एचबीएवनसी ८.४ होता. ही तपासणी त्या दिवशीची साखर सांगत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ती मोजते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. एका आठवड्याच्या ताकाने त्यात फारसा फरक पडत नाही. मेधाताईंना हे डॉक्टरांनी समजावलेलं होतं, त्यांना ते पाठही होतं. तरी तो आठवडा त्या दर वेळी पाळायच्या. मागची तपासणी तर त्यांनी तीन महिने पुढे ढकलली होती. “आत्ता केली तर वाईटच येईल, जरा आटोक्यात आली की करते,” हे त्यावरचं स्पष्टीकरण. असं करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. रिपोर्ट माहितीसाठी असतो हे विसरून तो शिक्का आहे असं वाटायला लागलं, की माणूस आधी त्याची तयारी करतो आणि मग त्याला टाळतो. औषधाचा डोस ठरवायला डॉक्टरला खरा आकडा हवा असतो, आणि नेमका तोच त्याच्या हाती लागत नाही.

दुसऱ्या कप्प्यात भूमितीची एक उत्तरपत्रिका होती. आपल्या बोर्डात भूमितीचा पेपर ४० गुणांचा. वर लाल शाईत २४ लिहिलेलं, आणि त्यातला २ थोडा जास्तच गोलाकार. मी काही बोलले नाही. मेधाताईच म्हणाल्या, “हो, १४ चे २४ केलेत. मला पंधरा दिवसांनी कळलं. माझा मुलगा असा नव्हता.”

तिसऱ्या कप्प्याची कहाणीही याहून वेगळी निघाली नाही. कथा लिहायला बसण्यापूर्वी त्या त्या-त्या अंकाचे मागच्या दोन वर्षांचे अंक मिळवायच्या, कोणत्या तऱ्हेच्या कथा छापून आल्या ते बघायच्या आणि मग तशी लिहायला घ्यायच्या. तिसऱ्या-चौथ्या पानावर कंटाळा यायचा. मुदतीच्या आदल्या रात्री कसाबसा शेवट जोडून पाठवून द्यायच्या.

तिन्हीकडे एकच गोष्ट चालली होती आणि ती मी त्यांना तशीच सांगितली. “मेधाताई, तुम्ही कष्ट करताय, पण साखरेवर नाही, रिपोर्टवर करताय. ओजस भूमितीवर नाही, वरच्या आकड्यावर काम करतोय. आणि तुम्ही कथा कमी, संपादकाची आवड जास्त लिहिताय.”

हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तेच की. फळाची चिंता सोडा.”

नाही, तेच नाही. इथे मला थोडं थांबून बोलायला हवं, कारण ‘प्रक्रियेचा आनंद घ्या’ ही हल्ली भिंतीवर लावायची गोष्ट झाली आहे. बरीच माणसं ती ऐकतात ती हरल्यावरचं सांत्वन म्हणून, की बक्षीस नाही मिळालं, निदान भाग तरी घेतला. माझं म्हणणं त्याहून रोकडं आहे. निकाल महत्त्वाचा असतो. वाढलेल्या साखरेने डोळे आणि मूत्रपिंड खराब होतात, कमी टक्क्यांनी प्रवेश हुकतात. पण निकालाला हात घालता येत नाही. हात घालता येतो तो आज दुपारच्या ताटाला, आज सोडवायच्या प्रमेयाला, आज लिहायच्या परिच्छेदाला. सगळं लक्ष निकालावर गेलं, की मनःशांती जायच्या आधी हातातलं काम बिघडतं, आणि त्यानंतर प्रामाणिकपणाला तडा जातो. ओजसची शाई हे त्याचं ढळढळीत उदाहरण. आठवडाभराचं ताक हे सभ्य उदाहरण.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आरईबीटी, महाराष्ट्रात बऱ्याच समुपदेशकांच्या वापरात आहे. माझ्याही. एलिस इच्छा आणि हट्टी मागणी यांत फरक करतात. ‘माझी कथा छापून यावी’ ही इच्छा माणसाला लिहायला बसवते. ‘ती छापून आलीच पाहिजे, नाहीतर मी लेखिका कसली’ ही मागणी त्याच माणसाला टेबलावरून उठवते. इच्छा सोडायची नाही, उलट ती चांगली दणकट असू द्यावी. मेधाताईंना हे पटलं, पण डोक्याने. डोक्याने पटण्याची किंमत माझ्या धंद्यात फार नसते.

ओजस पुढच्या वेळी आईबरोबर आला. अर्धा तास तो एकटा माझ्यासमोर बसला. शाईबद्दल मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. “आई दारातून आत येते ना, चपला काढायच्या आधी विचारते, किती? कशात अडलं ते कधीच विचारत नाही. आणि सगळ्यांना सांगते, माझा ओजस हुशार आहे. मग १४ दाखवणार कसे?”

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. एक कोडी सोडवण्याची चाचणी झाल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर नाउमेद झाली. पुढे आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलाला लिहून कळवायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. जो मुलगा आपल्याला कधी भेटणारही नाही, त्याच्यापुढे! हुशारीपेक्षा मेहनतीवर भर द्यावा, या विचारावर पुढे भरपूर उलटसुलट चर्चा झाली आणि शाळाशाळांतून राबवलेल्या कार्यक्रमांचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला, हेही सांगायला हवं. म्हणून ‘हुशार’ शब्द घरातून हद्दपार करा असलं काही मी पालकांना सांगत नाही. पण ओजस जे बोलला ते त्या चाळीस टक्क्यांचं मनोगत होतं.

मेधाताईंना मी एवढंच सांगितलं, “महिनाभर ‘किती?’ विचारायचं नाही. विचारायचं असेल तर ‘कुठे अडलं?’ विचारा. आणि तो सांगेल ते समजत नसेल तर समजत नाही म्हणा.”

“मला भूमिती कुठे येते?”

“तेच बरं आहे. त्याला समजावून सांगावी लागेल.”

पहिले दहा-बारा दिवस घरात विचित्र शांतता होती म्हणे. आई ‘किती’ विचारत नाही म्हणजे तिने आपला नाद सोडला, असं ओजसला वाटलं. असं होतं. पालक पद्धत बदलतात तेव्हा मुलं आधी घाबरतात. मग एका रात्री स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयावर तो चिडून वही फेकायच्या बेतात असताना मेधाताई शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ही रेघ इथून का काढलीस?” त्याला सांगता येईना. सिद्धता त्याची शब्दन्‌शब्द पाठ होती, फक्त आकृतीतली अक्षरं बदलली की ती कोसळायची. चाळीसपैकी चौदाचं कारण त्या एका प्रश्नात सापडलं. बारा हजार रुपयांच्या क्लासमध्ये ते सापडलं नव्हतं, कारण तिथेही दर रविवारी ‘किती?’ हेच विचारलं जात होतं.

आता माझ्या कामातला सगळ्यात नेहमीचा पेच. महिन्याभराने मेधाताई आल्या त्या एक तक्ता घेऊन. जेवणानंतर चालणं, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर, गोळ्या, चाळीस मिनिटं लेखन, ओजसशी संवाद. रोजच्या रोज टिकमार्क, आणि खाली महिन्याची बेरीज: प्रक्रिया ८७ टक्के. चेहरा पडलेला. “तेरा टक्के कुठे गेले कळत नाही,” म्हणाल्या.

म्हणजे प्रक्रियेचंच प्रगतिपुस्तक झालं होतं. निकालाची सवय लागलेलं मन कशालाही निकाल करून टाकतं. पावलं मोजणारी घड्याळं वापरणाऱ्यांत हे मी रोज पाहते. दहा हजार पावलं पुरी व्हावीत म्हणून रात्री अकराला दिवाणखान्यात फेऱ्या मारणारे लोक आहेत. आजारात तर याला एक क्रूर बाजू आहे. ‘प्रयत्न महत्त्वाचे’ म्हणता म्हणता आपण आजारी माणसाला सांगून बसतो, की तू बरा झाला नाहीस म्हणजे तुझे प्रयत्न कमी पडले. कर्करोग झालेल्यांना ‘सकारात्मक राहा’ सांगणारे नातेवाईक नेमकं हेच करतात. मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं, कधीकधी भांडतेही.

मेधाताईंच्या बाबतीत ही बाजू इन्सुलिनच्या निमित्ताने समोर आली. डॉक्टरांनी रात्रीचं एक इंजेक्शन सुरू करायला सांगितलं होतं आणि त्यांनी दोन भेटी ते टाळलं होतं. “इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी. म्हणजे मी हरले.”

ओजस त्या दिवशी बाहेर बसला होता. आत आला आणि मध्येच म्हणाला, “आई, गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क देतात.”

“शुगरला पायऱ्यांचे मार्क नसतात रे,” त्या म्हणाल्या.

असतात, खरं तर. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये टाइप २ मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्या रुग्णांवर यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यातून दोन गोष्टी कळल्या, आणि दोन्ही मी मेधाताईंना सावकाश सांगितल्या. पहिली अशी, की नीट उपचार घेणाऱ्यांचीही साखर वर्षं सरत जातात तशी हळूहळू चढत गेली, कारण इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींची ताकद या आजारात कालांतराने कमी होत जाते. औषध वाढवावं लागणं हा पुष्कळदा आजाराचा स्वभाव असतो, रोग्याचा दोष नसतो. दुसरी गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. अभ्यास संपल्यावर सुरुवातीपासून काटेकोर उपचार घेतलेल्यांच्या आणि इतरांच्या साखरेतला फरक वर्षभरातच पुसला गेला होता. आकडे सारखे झाले. तरीही दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा काटेकोर उपचार घेतलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि डोळे-मूत्रपिंडाचे त्रास कमी होते. जुन्या वर्षांतली मेहनत आकड्यांत दिसेनाशी झाली होती, पण शरीरात जमा होती.

मेधाताईंचं निदान ताजं नव्हतं, त्यामुळे हा हिशोब त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हेही मी सांगितलं. त्या मात्र “आकडे सारखे झाले तरी?” एवढंच परत विचारत राहिल्या. इन्सुलिन घ्यायचं की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे. मी त्यांच्याकडून डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून घेतले: आत्ताच का, साखर खाली घसरली तर ओळखायचं कसं, आणि माझा एचबीएवनसी किती असणं तुम्हाला पुरेसं वाटतं. तिसऱ्या प्रश्नाने त्यांचा बराच भार हलका झाला. पुष्कळ प्रौढ रुग्णांसाठी ७ च्या खाली हे लक्ष्य ठेवतात, पण वय, इतर आजार, साखर घसरण्याचा धोका बघून ते माणसागणिक बदलतं. त्या सहा वर्षं मनात जे लक्ष्य धरून बसल्या होत्या ते ५.५ होतं, आणि ते त्यांना कुणीही दिलेलं नव्हतं.

तक्ता आम्ही फाडला नाही. फक्त खालची बेरीज बंद केली आणि शेजारी एक रकाना वाढवला: ‘आज काय लक्षात आलं?’ पहिल्या आठवड्यातल्या नोंदी मला आवडल्या. ‘पोह्यांनी भाकरीपेक्षा जास्त चढते.’ ‘ओजस भुकेला असला की भूमिती येत नाही.’ ‘संध्याकाळी लिहिलेलं सकाळी खोटं वाटतं.’

त्या शेवटच्या नोंदीवरून लिखाणाचा विषय निघाला. मी विचारलं, “अलीकडे कोणतं पान लिहिताना वेळ कळला नाही?” त्यांना फार आठवावं लागलं नाही. लासलगावच्या बाजार समितीत त्यांचे वडील मापाडी होते. कांद्याच्या लिलावासाठी रात्रभर रांगेत उभे ट्रॅक्टर, ट्रॉलीवरच्या गोणपाटावर झोपलेला शेतकरी, सकाळी व्यापारी मूठभर कांदे उचलून भाव पुकारतो आणि काही सेकंदांत चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागतो, असं एक पान त्यांनी लिहिलं होतं. आणि खोडलं होतं. कारण दिवाळी अंकाच्या शहरी वाचकाला कांदा कशाला?

“तो शेतकरी दुसऱ्या वर्षी परत का येतो?” मी विचारलं.

“त्याला शेती येते म्हणून,” त्या पटकन म्हणाल्या. मग, “आणि दुसरं करणार काय? मॅडम, यात फार अर्थ शोधू नका. भाव पडला की तो रडतो, मी पाहिलंय.”

मला ते उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा बरं वाटलं. मेहनतीचं कौतुक करताना भाव पडलेल्याचं रडणं पुसून टाकायचा हक्क आपल्याला नसतो.

त्यांनी ते पान परत काढलं. या खेपेला कुठल्याही अंकाची शब्दमर्यादा न बघता लिहायचं एवढंच ठरलं. दीर्घकथा झाली. त्या सांगतात, दोन पात्रं कुठे निघाली आहेत ते अजून त्यांनाही माहीत नाही, आणि याची त्यांना आता भीती वाटत नाही.

वाचकांपैकी कुणाला मेधाताईंत स्वतःचं काही दिसलं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. हे सगळं ज्यांचं जेवणखाण, झोप, कामधाम ढोबळमानाने चालू आहे त्यांच्यासाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, किंवा निकालानंतर मुलाच्या तोंडी ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा आली असेल, तर प्रक्रिया आणि फळ याची चर्चा बाजूला ठेवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.

बाकी विचाराल तर: मेधाताईंनी इन्सुलिन सुरू केलं, पुढचा एचबीएवनसी ७.६ आला. त्यानंतरचा ७.९. ओजसला दहावीला भूमितीत जेमतेम बरे गुण मिळाले आणि हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. तो दुसऱ्या कॉलेजात रमला आहे, आईला अजून ते पूर्ण पचलेलं नाही. कथा एका अंकाला पाठवली, साभार परत आली. यादीत तशी नोंद आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. “उद्या रक्त द्यायचंय. आज भात खाऊ ना?”

“रोज किती खाता?”

“एक वाटी.”

“मग एक वाटी.”

“अर्धी खाल्ली तर?” त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “नाही, एक,” आणि फोन ठेवला.